आधी मे महिना, मग कोंबडी

अंगणात चार कोंबड्या असाव्यात हे माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं, पण अमळनेरला गावाबाहेरच्या प्लॉटवर घर बांधलं आणि मागे परसात थोडी जागा निघाली तेव्हा तो विषय परत वर आला. जागा म्हणजे काही फार नाही, एक लिंब, दोन शेवगे, मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळीची थोडी खुंटं, कढीपत्ता आणि बाकी सगळी काळी माती. आमच्या अटी साध्या होत्या. घरापुरती अंडी मिळावीत, उन्हाळ्यात कोंबडी मरू नये, आणि लेक सहा वर्षांची, सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणजे जी हाताशी येईल, अंगावर धावणार नाही आणि संध्याकाळी खुराड्यात घालायला कॉलनीभर पळवणार नाही अशीच कोंबडी पाहिजे. तीन अटी एका कोंबडीत बसवायला केवढी विचारपूस करावी लागते ते ह्या निमित्ताने कळलं. खान्देशात कोणाला पाळायच्या असतील तर कामाला येईल म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

सुरुवात अर्थातच मोबाईलवरून. यूट्यूबवर टाका की घराच्या बागेत पाळायला गरीब स्वभावाची, काटक, अंडी देणारी कोंबडी कोणती, तर पहिल्या दहा व्हिडिओत ऑर्पिंग्टन, ससेक्स, वायनडॉट, ब्रह्मा. दिसायला इतक्या गोड की लेक स्क्रीनला चिकटली. सासूबाईंनी चष्मा लावून ब्रह्मा बघितली, पायाच्या बोटांपर्यंत पिसं, आणि म्हणाल्या, "माय वं, हाई कोंबडी शे का गादी?" आणि त्यांनी एका वाक्यात निकालच लावला म्हणा ना. कारण ह्या सगळ्या याद्या बर्फ पडतो त्या देशातल्या लोकांनी केलेल्या असतात. तिथे काटक म्हणजे थंडीत टिकणारी, म्हणून अंग जड, पिसं दाट, तुरा बारका आणि डोक्याला चिकटलेला, कारण मोठा तुरा असला तर तो थंडीने गारठून काळा पडतो. आमच्याकडे सगळं उलट. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो हे खरं, पण तेवढ्या थंडीने कोंबडीला काही होत नाही, आडोसा आणि कोरडी जागा असली की बास. मारतो तो मे महिना. भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो आणि अमळनेर काही त्याच्या फार मागे नसतं.

ह्यातलं कारण मला गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. कोंबडीला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथीच नसतात. अंगाचं तापमान मुळात 41-42 अंश असतं, ते बाहेर टाकायला तिच्याकडे दोनच रस्ते, तोंड उघडून धापा टाकणं, आणि तुरा, गळ्याखालचे गलुले, पाय अशा उघड्या भागांतून उष्णता सोडणं. म्हणून उन्हाच्या मुलखात मोठा उभा तुरा आणि हलकं अंग हे चांगलं लक्षण. उघड्या मानेच्या गावरान कोंबड्या लोकांना बघवत नाहीत, पण मानेवर पिसं नाहीत ह्यामुळेच त्या उन्हात जास्त टिकतात. आणि धापा टाकताना नुसतं पाणी जात नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साईडही निघून जातो आणि त्यामुळे कवच बनायला जे लागतं ते कमी पडतं, म्हणून उन्हाळ्यातली अंडी पातळ कवचाची, हातात घेतली की फुटतात. मी आतापर्यंत समजत होते की दुकानदार शिळी अंडी देतो.

डॉक्टर एक वाक्य बोलले ते मी धरूनच बसले. म्हणाले, मॅडम, कोंबडी दिवाळीत पसंत करू नका, दिवाळीत सगळ्याच छान दिसतात, मे महिन्यात दुपारी दोन वाजता जाऊन बघा आणि मग ठरवा.

तर आम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जिभाऊंकडे गेलो. जिभाऊ म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, पारोळ्याकडे शेती, मळ्यातच घर आणि तिथे सगळ्या जातींच्या कोंबड्या एकत्र, कारण जिभाऊंना बाजारात वेगळं काही दिसलं की ते उचलून आणतातच. एकीकडे निंबाला झोका बांधलेला, माहेरवाशिणींची गाणी चाललेली, सांजोऱ्यांचा वास आणि मी भर दुपारी डोक्याला ओला रुमाल बांधून कोंबड्या बघत फिरतेय. जिभाऊ ह्यांना म्हणाले, तुझ्या बायकोला ऊन लागलं का रे.

पण बघण्यासारखं होतं. गावरान कोंबड्या सकाळी नऊलाच चरून बोरीच्या झुडपाखाली गेलेल्या, तिथल्या पाझरत्या नळीजवळ माती उकरून खड्डा केलेला आणि त्यात पोट टेकून गप पडलेल्या. चोच थोडी उघडी, बस. आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, लालभडक-चॉकलेटी रंगाच्या, त्या धापा टाकत होत्या, पंख अंगापासून लांब धरलेले, गळ्याखालची कातडी थरथरत होती, पण हाक मारली, ज्वारी टाकली की उठून येत होत्या. काळ्या ऑस्ट्रलॉर्पच्या दोन होत्या त्या पाण्याच्या टाकीखालून हलायला तयार नव्हत्या, उन्हात पाऊल टाकायचं नाव नाही. कडकनाथ आरामात होत्या. आणि एक पांढरी लेगहॉर्न, कुठल्या तरी पोल्ट्रीतून आलेली, तिचा तुरा एवढा मोठा की एका डोळ्यावर पडलेला, उन्हाचं तिला काही वाटत नव्हतं पण मी दहा फुटांवर गेले की ओरडत उडून भिंतीवर.

जिभाऊंनी सरळ विचारलं, "तुले आंडा जोयजे का कोंबडी जोयजे?" म्हणजे तुला अंडी पाहिजेत की कोंबडी पाहिजे, आणि खरं सांगते प्रश्न तिथेच आहे. ज्यांना अंडीच पाहिजेत त्यांच्यासाठी पांढरी लेगहॉर्न, तिच्यापासून तयार केलेल्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या वर्षाला 300 च्या वर अंडी देतात. पण ते तोलूनमापून दिलेल्या खाद्यावर, लाईट लावून, पिंजऱ्यात. परसात सोडली तर ती घाबरट असते, पोरांच्या आवाजाने सुद्धा बिथरते आणि मग अंडं थांबतं. काही लोक पोल्ट्रीतून काढून टाकलेल्या, साधारण दीड वर्षाच्या कोंबड्या स्वस्तात आणतात, आमच्या कॉलनीतही एकाने आणल्या होत्या. त्यांची चोच लहानपणीच कापलेली असते, किडे-गवत नीट टिपता येत नाही, आणि अंड्यांचा जोरही उतरलेला. मी तो विचार सोडला.

दुसऱ्या टोकाला गावरान. सासूबाईंचं म्हणणं पहिल्यापासून हेच, कशाला विचारपूस करत बसलीस, आपली गावरान आण, तिला काही होत नाही. त्यांचं माहेर शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी, तिथे लहानपणी घरात दहा-वीस कोंबड्या, रात्री डालग्याखाली झाकायच्या आणि सकाळी सोडून द्यायच्या, खाद्य वगैरे काही नाही, खळ्यात सांडलेलं धान्य, उकिरड्यातले किडे. त्या म्हणतात त्यात चूक काही नाही. गावरान कोंबडी घार आली की पहिल्यांदा ओळखते, पिल्लांना पंखाखाली घेते, रोगराईला बरीच पुरते. पण अंडी वर्षाला 60 ते 80. बारा-पंधरा अंडी दिली की खुडूक बसते, 21 दिवस उबवणार, मग पिल्लं सांभाळणार, तेवढे दिवस अंडं नाही. आम्ही चार माणसं, आठवड्यातून दोनदा अंड्याचा काळा रस्सा आणि कळण्याची भाकरी हा ठरलेला मेनू, लेकीला रोज एक उकडलेलं. चार गावरान कोंबड्यांवर आमचं भागणार नाही हे गणित त्यांनाही पटलं, पण एक तरी गावरान पाहिजेच हा हट्ट त्यांनी सोडला नाही.

कडकनाथवर ह्यांचं मन गेलं होतं. आमच्यापासून झाबुआ तसं फार लांब नाही, सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की तोच मुलूख, आणि 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यावर तर सगळीकडे तिचंच नाव. ऊन सोसते, काटक आहे, सगळं मान्य. पण अंडी वर्षाला शंभरच्या आसपास, अंड्यावर बसायची फार हौस नाही, आणि आमच्या बघण्यात आल्या त्या हाताला लागत नव्हत्या, माणसापासून चार हात लांबच. आणि हो, तिचं अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी, क्रीम कलरचं असतं, काळं अंडं दाखवून कोणी विकत असेल तर नमस्कार करून घरी या. बाजारात काळी कोंबडी म्हणजे कडकनाथ असंही खपवतात. तुरा लालबुंद असेल तर ती कडकनाथ नाही, कडकनाथचा तुरा, जीभ, पाय सगळं काळपट-जांभळट असतं. लाल तुरा आणि पिसांवर हिरवट चमक असली तर बहुतेक ऑस्ट्रलॉर्प किंवा तिचा क्रॉस.

असील मी स्वतःच काढून टाकली. उभी राहिली की तिचा रुबाब बघत राहावा, पण ती झुंजीची जात, माद्यासुद्धा एकमेकींशी भांडतात आणि अंडी थोडी. लेक आणि असील एका अंगणात नको.

आता मधला गट राहिला, ज्याला लोक सुधारित गावरान म्हणतात. ह्यात नावांचा एवढा गोंधळ आहे की विचारू नका. वनराजा, गिरिराज, ग्रामप्रिया, कावेरी, सोनाली, सातपुडा, डीपी क्रॉस, आणि बाजारातला विक्रेता ह्यातल्या कशालाही ‘ओरिजिनल गावरान’ म्हणून हातात देतो. वनराजा आणि ग्रामप्रिया ह्या दोन्ही हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेल्या, गिरिराज बंगळुरूची. वनराजा मांस आणि अंडी दोन्हीसाठी, अंगाने भरदार, परसात वर्षाला 100-110 अंडी. ग्रामप्रिया मुद्दाम अंड्यांसाठी काढलेली, अंगाने हलकी, परसातल्या पाळणुकीत 160 ते 180 अंडी, अंडं तपकिरी, त्यामुळे गावरान म्हणून विकतानाही भाव मिळतो. धुळ्याकडे ह्यांच्या ओळखीतल्या एका बाईंकडे ह्या दोन्ही एकत्र बघायला मिळाल्या, त्या बचतगटातून पाळतात. त्यांचा अनुभव असा की वनराजा दिसायला छान पण जड, मुंगूस नाहीतर कुत्रं आलं तर तिला उडता येत नाही, आधी तीच जाते. ग्रामप्रिया पटकन उडून फांदीवर बसते. त्या म्हणाल्या, ताई, मला अंडी विकायची आहेत, मी आता वनराजा घेत नाही. मी त्यांच्या ग्रामप्रियांसमोर उकिडवी बसून तळहातावर बाजरी धरली. पहिल्यांदा नुसत्या माना तिरप्या करून बघत राहिल्या, मग एक आली, मग तिच्या मागे तिघी. एक तर माझ्या बांगड्यांनाच टोचायला लागली. तिथे माझं मत झालं.

स्वभावाचं सांगते. जातीचा फरक असतोच, ऑस्ट्रलॉर्प आणि आरआयआर गरीब, लेगहॉर्न बुजरी, असील तापट, पण त्याच जातीतल्या दोन कोंबड्या सारख्या नसतात आणि लहानपणी कोणी हाताळलं ह्यावर फार असतं. म्हणून घेताना मी हाच हातावर दाणे धरायचा प्रयोग सगळीकडे केला. विकणारे हसतात, हसू दे.

एक दिवसाची पिल्लं घ्यायची की मोठी ह्यावर घरात बराच वाद झाला. लेकीला पिल्लंच पाहिजे होती, कारण बाजारात त्या गुलाबी-हिरव्या रंगवलेल्या पिल्लांची टोपली बघून तिचा जीव गेला होता. आता ती पिल्लं म्हणजे अंड्यांच्या पोल्ट्रीच्या हॅचरीतले नर असतात, तिथे नराचा काही उपयोग नाही म्हणून फेकण्याच्या भावात बाहेर येतात, रंग लावून विकतात, अंडं कधीच देणार नाहीत आणि बहुतेक आठवडाभरात मरतात. तिला हे सगळं नाही सांगितलं, एवढंच सांगितलं की ते सगळे कोंबडे आहेत आणि पहाटे चारला ओरडतील. चांगल्या जातीची एक दिवसाची पिल्लं घेतली तरी त्यात निम्मे नर निघतात, शिवाय पहिल्या आठवड्यात 35 अंशांची ऊब बल्ब लावून द्यायची आणि मग दर आठवड्याला थोडी कमी करत जायची, आणि आमच्याकडे लाईटचं काय ते सगळ्यांना माहितीये. लसी वेगळ्याच, पहिल्या दिवशी मरेक्स, सातव्या दिवसाला लासोटा, चौदाव्याला गंबोरो, परत लासोटा, मग देवी. तेव्हा आम्ही अडीच महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, घ्यायचं ठरवलं. तेवढ्या वयात नर-मादी डोळ्यांनी कळतं, ब्रुडिंगची, म्हणजे ऊब द्यायची, कटकट संपलेली असते, आणि विकणाऱ्याकडून लसींचं कार्ड मागता येतं. नगाला तीनशेच्या आसपास पडलं, पिल्लांच्या मानाने महाग, पण जगल्या सगळ्या.

कार्डाचा आग्रह धराच. आमच्या भागाला ह्याची आठवण आहे, 2006 साली देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरलाच सापडला होता, लाखो कोंबड्या मारून पुरल्या, आणि 2021 ला तिथेच परत. पण परसातल्या कोंबड्यांना रोजची भीती बर्ड फ्लूची नसते, मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची असते. उन्हाळा आला की एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाते आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं. सासूबाई म्हणायच्या गावरानला काही होत नाही, पण त्यांनाच विचारलं तर सांगतात की एका वर्षी माहेरच्या सगळ्या कोंबड्या एकाच आठवड्यात गेल्या होत्या.

शेवटी काय आणलं ते सांगते. तीन ग्रामप्रिया, दोन आरआयआर, दोन ऑस्ट्रलॉर्प आणि सासूबाईंची एक गावरान, जिभाऊंकडची, राखाडी-पिवळी, तिचं नाव लेकीने राणी ठेवलं. ऑस्ट्रलॉर्प घ्यायचं खरं तर उन्हाचा हिशोब केला तर कारण नव्हतं, पण स्वभावात तिच्याएवढी गरीब कोंबडी मला कुठे दिसली नाही. आणि अंड्यांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात 1922-23 च्या एका स्पर्धेत सहा ऑस्ट्रलॉर्पनी 365 दिवसांत 1857 अंडी दिली होती. ते अर्थात निवडक पक्षी आणि तिथली हवा, आपल्याकडे त्याच्या जवळपासही जात नाही. आरआयआरची निवड करताना एक बघा, खरा रंग गडद तांबूस-चॉकलेटी, शेपटीला हिरवट झाक असलेली काळी पिसं, पाय पिवळे. फिकट नारिंगी दिसली तर क्रॉस समजा, क्रॉस वाईट नसतो पण मग आरआयआरचा भाव द्यायचा नाही.

कोंबडा आणला नाही. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही हे शेजारच्या काकूंना पटवायला वेळ लागला. त्या माळकरी, त्यांची भीती दोन गोष्टींची, वास आणि पहाटेचं आरवणं. कोंबडा नसेल तर अंड्यात जीव नसतो हे कळल्यावर त्यांच्या नातवाला आमच्याकडचं अंडं चालायला लागलं, त्या मात्र अजून भांडं वेगळं ठेवायला सांगतात.

खुराडं ह्यांनी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं, सहा बाय चार फूट, म्हणजे आठ जणींना प्रत्येकी तीन चौरस फूट. जमिनीपासून दीड फूट उंच, कारण आमची काळी माती पावसाळ्यात कशी होते ते इथल्या माणसाला सांगायला नको, चिकटली की पायाला गोळे, आणि ओल राहिली की तलंगांना रक्ती हगवण. ब्रह्मासारख्या पायाला पिसं असलेल्या जाती इथे का नकोत ह्याचं हेही एक कारण. पुढे एक ट्रॉली मुरूम टाकून घेतला. जाळी अर्ध्या इंचाची, कारण मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगूस हात घालतं.

ऐन अंड्यावर यायच्या आधीचे दिवस मला सगळ्यात आवडले. तुरे फिके होते ते हळूहळू लाल व्हायला लागले. एक दिवस आरआयआरच्या पाठीवर नेहमीसारखा हात ठेवला तर ती पळाली नाही, पंख थोडे पसरून जागच्या जागी खाली बसली, पाठ ताठ करून, आणि मी हात काढेपर्यंत तशीच. मी घाबरले की आजारी पडली. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, आठ-दहा दिवसांत अंडं देईल बघ. आणि दिलं. आता लेक शाळेतून आली की दप्तर फेकून आधी सगळ्यांच्या पाठीवर हात ठेवून येते, कोण बसली कोण पळाली ह्याची हजेरी घेते. राणी मात्र अजून कोणाला हात लावू देत नाही, पण खुराड्यात सगळ्यात वरच्या दांडीवर तीच बसते आणि बाकीच्या तिच्या मागे फिरतात. घार वर आली की तिच्या एका आवाजावर आठही जणी केळीखाली. एक गावरान पाहिजेच हा सासूबाईंचा हट्ट त्या दृष्टीने वसूल झाला.

खाद्याचं थोडक्यात. अंड्यावरच्या कोंबडीला रोज 110-120 ग्रॅम लागतं, आम्ही अर्धं लेयरचं तयार खाद्य आणि अर्धं ज्वारी-बाजरी-मका, वरून शेवग्याचा पाला, भाजीचे देठ, आणि एका वाटीत शिंपल्याचा चुरा वेगळा, ज्या कोंबडीला लागेल ती खाते. आपल्याकडे सरकीची ढेप घरोघरी असते, म्हशीची असते तिथली उचलून कोंबड्यांना टाकू नका. सरकीत गॉसिपॉल असतं, त्याने बलक हिरवट-काळपट पडतो, खासकरून अंडी ठेवली की. जिभाऊंकडे आलेली तसली अंडी मी बघितली आहेत, खायची इच्छा होत नाही.

मग आमचा पहिला मे आला. आठवडाभर आधीपासून तयारी, खुराड्यावर पाचट, बाजूंना गोणपाट आणि त्यावर सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी, प्लास्टिकच्या भांड्यांऐवजी मातीच्या पराती सावलीत, केळीच्या आळ्यात रोज दुपारी बारा वाजता बादलीभर पाणी ओतायचं. खाद्य पहाटे आणि दिवस कलल्यावर, दुपारी मुळीच नाही, कारण खाल्लेलं पचवतानाही अंगात उष्णता तयार होते. पाण्यात गूळ आणि लिंबू. ग्रामप्रिया आणि राणी केळीच्या ओल्या आळ्यात खड्डे करून पडायच्या, त्यांचं काही वाटलं नाही. आरआयआर धापा टाकायच्या पण खात होत्या. ऑस्ट्रलॉर्प सकाळी दहापासून मोरीच्या भिंतीला चिकटून, आणि एका दुपारी त्यातली एक माना टाकायला लागली तेव्हा मी तिला उचलून मोरीत नेलं, पाय आणि तुरा ओल्या फडक्याने पुसला, पंखाखाली पाणी शिंपडलं, तासाभराने उठली. गरीब इतकी की सगळं होईपर्यंत माझ्या मांडीवर डोळे मिटून पडून होती. वाचली, पण त्या महिन्यात दोघींनी अंडं जवळजवळ दिलंच नाही. आरआयआरची अंडी निम्म्यावर आली आणि कवच पातळ. ग्रामप्रियांचं अंडं कमी झालं, थांबलं नाही.

म्हणजे माझ्याकडचा हिशोब असा. आमच्या उन्हात, चांगली सावली आणि ओली माती असेल तर ग्रामप्रिया पहिली, आरआयआर दुसरी, दोघीही माणसाळतात. घरात लहान मूल असेल आणि झाडांची दाट सावली असेल तर एखाददोन ऑस्ट्रलॉर्प घ्या, पण मे महिन्यात दुपारी घरी कोणीतरी असलं पाहिजे, दोघं नोकरीला जाणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. झाड नाही, नुसतं सिमेंटचं अंगण आहे, तर मला विचाराल तर आधी शेवगा लावा, वर्षभरात सावली देतो, मग कोंबड्या.

राणी ह्या पावसाळ्यात खुडूक बसली. कोंबडा नसल्याने आमच्या अंड्यांचा उपयोग नव्हता म्हणून जिभाऊंकडून अंडी आणून तिच्याखाली ठेवली, लेकीची पिल्लांची हौस अशी फिटली. नवीन तलंगा मात्र गणपती झाल्यावरच आणणार आहे, पावसाचा चिखल तोपर्यंत कमी होतो आणि उन्हाळा यायच्या आत त्या जागेला रुळतात. ह्या वेळेला चार, चारही ग्रामप्रिया, धुळ्याकडच्या त्या बाईंकडे आत्ताच सांगून ठेवलंय कारण ऐनवेळी गेलं तर फक्त नर शिल्लक राहतात.